कोर्बिनिआन की कोबी?

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची. गेली सहा वर्षं जर्मनीत, म्युनिकच्या उत्तरेला फ्रायझिंग नावाच्या गावात राहते. नवरा इथलाच, पक्का बव्हेरियन. दोन महिन्यांत आम्हाला बाळ होईल. मुलगा आहे (इथे डॉक्टर आधीच सांगतात). सासरच्यांच्या मनात नाव ठरलेलंच आहे : कोर्बिनिआन. नवऱ्याच्या आजोबांचं. सासूबाई आग्रह करत नाहीत, पण लोकरीच्या टोपीवर 'के' विणून तयार आहे. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तिने तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी 'कोबी'वर थांबली. मामाने मोबाइलवर शोधलं, तर त्याला बिअरची बाटली दिसली. आता साताऱ्यात 'नातवाला दारूचं नाव' अशी चर्चा चालू आहे. धाकटा भाऊ एमबीबीएसला आहे, तो नुसता हसतो. त्यातच नवऱ्याची हॅम्बुर्गला बदली होण्याची शक्यता आहे, आणि तिकडे हे नाव कुणी ठेवत नाही म्हणे. पुन्हा नाव संताचं. आम्ही दोघंही फारसे देवाधर्माचे नाही. खरं सांगू? मला नाव ऐकायला वाईट वाटत नाही. पण हो म्हटलं तर बाळाच्या नावात माझं काहीच उरणार नाही, या विचाराने रात्री झोप लागत नाही. काय करू?
– साताऱ्याची लेक, फ्रायझिंग

उत्तर : साताऱ्याच्या लेकी,

पत्र वाचलं आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन ते नाव हाक मारल्यासारखं मोठ्याने म्हणून पाहिलं. नाव कागदावर कसं दिसतं त्यापेक्षा पोळी तव्यावर असताना त्याची हाक कशी जाते ते बघावं, हे माझं जुनं मत. कोर्बिनिआन. जोर 'बी'वर, शेवटचं 'आन' लांब. हाक चांगली जाते. लाडात असलीस तर 'बी' ताणता येईल, चिडलीस तर 'कोर्' आपटता येईल. चार अवयवांचं नाव आहे, पण 'पुरुषोत्तम' आणि 'ज्ञानेश्वर' आपण जन्मभर म्हणत आलोच की.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते, कारण कोबी, बिअर आणि हॅम्बुर्ग हे सगळं त्याच्याभोवतीच गुंडाळलेलं आहे. तू म्हणतेस, नावात माझं काही उरणार नाही. आता या नावाची जन्मकथा ऐक. तुझ्या सासरच्यांनाही ती पूर्ण ठाऊक असेलच असं नाही.

ज्या संत कोर्बिनिआनमुळे हे नाव तुमच्या गावात रुजलं, तो बव्हेरियाचा नव्हताच. तो जन्मला आजच्या फ्रान्समध्ये, पॅरिसच्या दक्षिणेला आर्पाजों गावाजवळ, सन 670च्या आसपास. तो पोटात असतानाच वडील वारले. त्यांचं नाव वाल्डेगिझो. बाळ जन्मल्यावर रीतीप्रमाणे वडिलांचंच नाव त्याला दिलं गेलं. आणि मग आईने ते बदललं. आईचं नाव होतं कोर्बिनिआना. तिने मुलाला स्वतःचं नाव दिलं. हे मी रचून सांगत नाही. संताच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी फ्रायझिंगचाच बिशप आर्बेओ याने लिहिलेल्या चरित्रात हे आहे.

म्हणजे बघ, तेराशे वर्षांपूर्वी एक विधवा बाई वडिलांकडचं नाव पुसून पोराला आपलं नाव लावते, आणि त्याच नावाची बव्हेरियातली पोरं आज शाळेत जातात. ज्याला तू 'सासरचं नाव' म्हणतेस ते मुळात एका आईचं नाव आहे. आणि ते ज्याला मिळालं तो माणूसही तुझ्यासारखाच बाहेरून येऊन फ्रायझिंगला राहिलेला. हे कळल्यावर तुझी झोप लगेच परत येईल असं मी म्हणत नाही. पण सासूबाईंशी बोलताना तुझी बाजू मांडायला यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. 'हे नाव आईकडून आलं होतं, मग शेजारी माझंही एक नाव असू दे' असं म्हण. यावर नाही म्हणणं फार अवघड आहे.

आता अर्थ. तो तुझ्या आईला कधी सांगायचा हे तूच ठरव. हे नाव लॅटिनमधल्या डोमकावळ्याच्या शब्दाशी, 'कोर्वुस'शी, जोडलं जातं. हो, कावळा. साताऱ्यात यावरून काय होईल ते मला इथे बसून दिसतंय : 'पितृपक्षात पिंडाला शिवतो तो?' तेव्हा मी तुझ्या जागी असते तर अर्थ बाजूला ठेवून अस्वलाची गोष्ट सांगितली असती. नाहीतरी आपल्याकडचं प्रत्येक बाळ डोळे उघडतं ते काऊ-चिऊच्या गोष्टीतच. शेणाचं घर वाहून गेलं तरी काऊचं नाव कुणी टाकलेलं नाही.

अस्वलाची गोष्ट अशी. कोर्बिनिआन रोमला निघाला होता. आल्प्सच्या जंगलात एका अस्वलाने त्याचं सामान वाहणारं जनावर फाडून टाकलं. दुसरा कुणी असता तर पळाला असता. याने अस्वलालाच दरडावलं, त्या जनावराचं ओझं त्याच्या पाठीवर लादलं आणि रोमपर्यंत चालवत नेलं. तिथे पोचल्यावर सोडून दिलं. फ्रायझिंगच्या नगरचिन्हात पाठीवर गाठोडं घेतलेलं जे अस्वल आहे ते हेच. तू ते नगरपालिकेच्या कागदांवर सहा वर्षं बघत असशील. योझेफ रात्सिंगर 1977 साली म्युनिक आणि फ्रायझिंगचे आर्चबिशप झाले तेव्हा त्यांनी हे अस्वल आपल्या चिन्हात घेतलं. 2005 साली ते पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, तेव्हा अस्वल त्यांच्याबरोबर व्हॅटिकनला गेलं. पुढच्या वर्षी ते म्युनिकला आले असताना म्हणाले होते की कोर्बिनिआनच्या अस्वलाची रोममध्ये सुटका झाली, माझ्या बाबतीत देवाने वेगळं ठरवलं. पोपने विनोद करावा तर असा.

माणूस म्हणून हा संत फार गोड नव्हता, हेही सांगून ठेवते. त्याने आशीर्वाद दिलेला पावाचा तुकडा ड्यूक ग्रिमोआल्टने जेवताना कुत्र्याला टाकला, तर याने रागाने मेजच लाथाडलं आणि उठून गेला. मग त्याच ड्यूकने भावाच्या विधवेशी लग्न केलं म्हणून त्याला धारेवर धरलं. ती पिलिट्रूड याच्या जिवावर उठली, तेव्हा आल्प्सपलीकडे मेरानोजवळ जाऊन राहिला आणि राज्य बदलल्यावर परत आला. आपल्याकडे असता तर दुर्वासांच्या पंगतीत बसला असता. मुलगा हट्टी निघाला तर नावाला दोष द्यायची सोय आहे.

सुमारे 730 साली तो वारला. इच्छेप्रमाणे मेरानोकडेच पुरलं. पुढे बिशप आर्बेओने त्याच्या अस्थी फ्रायझिंगला आणल्या आणि तिथून तो तुमच्या गावाचा झाला. काही वर्षांपूर्वी एका नोव्हेंबरात मी भाचीकडे म्युनिकला गेले होते, तेव्हा तुमच्या डोमबेर्गच्या टेकडीवर गेले. वर कॅथेड्रल गुलाबी-सोनेरी, लग्नाच्या हॉलसारखं लखलखीत. 1724 साली, संताच्या आगमनाला हजार वर्षं झाली म्हणून, आझाम नावाच्या कलाकार बंधूंनी ते असं सजवलं. पण मला आठवतं ते खालचं तळघर. बुटक्या खांबांचं जंगल, दगडाचा गारवा, आणि मधल्या एका खांबावर माणसं आणि अक्राळविक्राळ प्राणी एकमेकांच्या अंगावर चढलेले. कोण कोणाला गिळतंय ते कळत नाही. त्या खांबाच्या पलीकडे संताची पेटी. एक बाई छोट्या पोराला उचलून ती पेटी दाखवत होती आणि म्हणत होती, 'हा बघ, तुझा नामबंधू.' पोराला त्या दगडी प्राण्यांतच रस होता. कॅथलिक बव्हेरियात वाढदिवसाइतकाच नावाचा दिवस पाळायची पद्धत होती, जुन्या घरांत अजून आहे. तुमच्या धर्मप्रांतात कोर्बिनिआनचा दिवस 20 नोव्हेंबर. त्या सुमाराला आजूबाजूच्या गावांतून तरुण पोरं चालत फ्रायझिंगला येतात, छोटीशी वारीच म्हण ना.

आता लोकप्रियता, म्हणजे तुझा हॅम्बुर्गचा प्रश्न. जर्मनीत विस्बाडेनची एक भाषासंस्था आहे, गेझेलशाफ्ट फ्युअर डॉइचे श्प्राखं. ती 1977 पासून नोंदणी कार्यालयांकडून नावं गोळा करून दरवर्षी यादी काढते. गेली काही वर्षं मुलांत 'नोआ' वरच्या जागी दिसतो. आजूबाजूला मातेओ, लेओन, फिन, एलियास. सगळी छोटी, गुळगुळीत नावं, कुठल्याही देशाच्या विमानतळावर खपणारी. कोर्बिनिआन त्या गर्दीत नाही. हे नाव मुख्यतः ओबरबायर्न, म्हणजे म्युनिकच्या आसपासच्या वरच्या बव्हेरियात चालतं. तिथून बाहेर पडलं की विरळ होत जातं.

याचं कारण साधं आहे आणि ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तिकडे गावागणिक संत आणि संतागणिक नावं. टेगर्नझे तळ्याकाठी क्विरीन, व्युर्त्सबुर्गला किलिआन, रेगेन्सबुर्गला एमेराम. तुमच्या साताऱ्याकडे शिखर शिंगणापूरमुळे घरात एखादा तरी शंभू किंवा महादेव असतोच. गोव्यात मंगेश आणि नागेश, कोल्हापूरकडे ज्योतिबा. नाव सांगितलं की गाव कळतं. त्यातला किलिआन पुढे देशभर पसरला, एमेराम मात्र रेगेन्सबुर्गबाहेर जवळजवळ गेलाच नाही. कोर्बिनिआन या दोघांच्या मधे कुठेतरी. आणि जसं आपल्याकडे मधली पिढी 'मल्हार' हे खंडोबाच्या भक्तांचं, खेड्यातलं नाव म्हणून बाजूला ठेवून बसली होती, आणि आता पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक मल्हार सायकल चालवतोय, तसंच म्युनिकमध्ये झालं आहे. क्साफर, क्विरीन, कोर्बिनिआन ही आजोबांची नावं शहरातल्या शिकलेल्या आईबापांनी पुन्हा उचलली. 2024 साली तुमच्या टेकडीवर बव्हेरिया राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या नावात टासिलो ड्यूक, कोर्बिनिआन आणि अस्वल, तिघंही होते. त्या उन्हाळ्यात गावभर लागलेली पोस्टरं तू पाहिली असशील.

मग हॅम्बुर्गमध्ये काय होईल? पोरं हसतील? फारतर विचारतील, 'तू बायर्नचा, म्हणजे बव्हेरियाचा का?' तो हो म्हणेल. बास. आणि बायर्नचाच तर आहे. जर्मन माणसं नावावरून माणूस जोखत नाहीत असं मात्र समजू नकोस. 1990च्या आसपास एका अमेरिकन सिनेमानंतर तिथे केविन नावाची लाट आली, आणि त्या पोरांना ती फार महाग पडली. 2009 साली ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या एका पाहणीत दिसलं की शिक्षकांच्या मनात 'केविन' म्हटलं की खोडकर आणि अभ्यासात कच्चा मुलगाच येतो, त्या पोराचा काही दोष नसताना. कोर्बिनिआनवर असा शिक्का नाही. फार तर उलटी शंका येईल, की घरचे जरा जास्तच परंपरेचे दिसतात.

आता तुझ्या भावाचं हसू. तो का हसतो माहीत आहे? कारण त्याच्या पुस्तकात पानोपानी ज्या माणसाचं आडनाव आहे त्याचं पाळण्यातलं नाव हेच. कोर्बिनिआन ब्रोडमान, जन्म 1868. हा बव्हेरियातला नव्हे, बोडनझे तळ्याच्या उत्तरेकडच्या एका छोट्या खेड्यातला. फ्रँकफुर्टमध्ये असताना आलोइस आल्त्सहायमर, म्हणजे ज्याच्या नावाचा विसराळूपणाचा आजार आहे तो, त्याच्या सहवासात मेंदूकडे वळला. मेंदूच्या सालीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याने पेशींच्या मांडणीप्रमाणे तिचे भाग पाडले आणि त्यांना आकडे दिले. 1909 साली तो नकाशा छापला. शंभर वर्षं उलटली तरी आकडे तेच : 17 म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचतं ती जागा, 4 म्हणजे हातपाय हलवणारी, 44 आणि 45 म्हणजे बोलणं जुळवणारी. तुझ्या भावाला यावर तोंडी परीक्षेत प्रश्न आला असेल आणि बहुधा चुकला असेल. तुझ्या आईला 'को-र्बि-नि-आन' म्हणता येत नाही ती अडचण 44 नंबरची आहे, असं त्याला सांग. ब्रोडमान बिचारा म्युनिकमध्ये चांगली जागा मिळाल्यावर काही महिन्यांतच, 1918 साली, जंतुसंसर्गाने गेला. पन्नाशीही गाठली नाही.

पण मला विचारशील तर या नावाचा खरा मानकरी ना संत ना शास्त्रज्ञ. तो तुमच्याच भागातला एक सफरचंदवाला पाद्री आहे. कोर्बिनिआन आयग्नर, जन्म 1885. शेतकऱ्याचा मुलगा. धर्मोपदेशक झाला, पण जीव बागेत. त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आईला सांगायला ही गोष्ट पुरेल.

हिटलर आल्यापासून हा माणूस त्याच्याविरुद्ध उघड बोलायचा. झेंडा लावणार नाही, पोरांना 'अडॉल्फ' नावाने बाप्तिस्मा देणार नाही, असले त्याचे हट्ट. वरिष्ठांनी त्रासून त्याची बदली होहेनबेर्खा नावाच्या लहान गावात केली. नोव्हेंबर 1939 मध्ये म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरला बॉम्बने उडवण्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी शाळेत धर्माच्या तासाला 'हत्या करू नकोस' या आज्ञेवरून आयग्नर एवढंच म्हणाला की त्या माणसाच्या मनात होतं ते पाप की नाही मला सांगता येत नाही. कदाचित लाखो जीव वाचले असते. तक्रार गेली. तुरुंग, मग छळछावणी, 1941 पासून डाखाऊ. तिथे पाद्र्यांना वनस्पतींच्या मळ्यावर राबवत. आयग्नरने दोन बराकींच्या मधल्या मातीत सफरचंदाच्या बिया लावल्या. बियांपासून आलेलं प्रत्येक रोप नवीन जात असतं, कलम नव्हे. त्यातून त्याने दरवर्षी एक निवडलं. नावं काय द्यायची? दिली : केझेड-1, केझेड-2, केझेड-3, केझेड-4. 'केझेड' हे जर्मनमध्ये छळछावणीचं आद्याक्षरी नाव, त्यांच्या तोंडी 'काझेट'. जिथे उगवलं तिथलं नाव. रोपं गुपचूप बाहेर पोचवली. एप्रिल 1945 मध्ये कैद्यांना दक्षिणेकडे चालवत नेत असताना तो निसटला, एका मठात लपला, आणि युद्ध संपल्यावर होहेनबेर्खाला परत येऊन पुन्हा झाडं छाटायला लागला.

त्या चारांतलं केझेड-3 टिकलं. 1985 साली, त्याच्या जन्मशताब्दीला, त्या जातीचं नाव बदलून 'कोर्बिनिआन्सआपफेल' ठेवलं. तोवर तो जाऊन 19 वर्षं झाली होती. शिवाय त्याने वर्षानुवर्षं सफरचंदं आणि नाशपाती रंगवून ठेवली होती, पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर, एका वेळी बहुतेक दोन फळं, डाग-टिपक्यांसकट, सुमारे 900 चित्रं. ती फळं ओळखण्यासाठी होती, भिंतीवर लावायला नव्हे. 2012 साली कासेलच्या डोकुमेंटा प्रदर्शनात जगभरच्या कलावंतांच्या शेजारी ती ओळीने लावली गेली. तुमच्या फ्रायझिंग जिल्ह्यात या सफरचंदाची झाडं आहेत. सासरे बागेत काही लावायला खड्डा खणणारच असतील, तर रोपवाटिकेत याच नावाने विचारा.

राहिली बिअर. मामांनी बघितली ती बाटली खरी आहे. वायहेनस्टेफानच्या ब्रुअरीची ती काळीभोर, जड, हिवाळी बिअर. ज्या टेकडीवर संताचं छोटं देऊळ होतं असं सांगतात, त्याच टेकडीवर पुढे मठ झाला, मठात बिअर झाली. ब्रुअरी स्वतःचं साल 1040 सांगते आणि जगातली सगळ्यात जुनी चालू ब्रुअरी असल्याचा मान घेते. तेव्हा बाळाला बिअरचं नाव मिळत नाहीये, बिअरनेच बाळाच्या नामबंधूचं नाव घेतलंय. आपल्याकडे 'गणेश' नावाची भेळ, 'गणेश' नावाचा बँड आणि 'गणेश' नावाचं पंक्चरचं दुकान असतं. म्हणून मुलाचं नाव गणेश ठेवायचं कुणी थांबलं? मामांना हे असंच विचार.

कोबीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. घरात लाडाचं नाव 'कोर्बी' होणार, जर्मनीतही तेच होतं, आणि साताऱ्यात 'र' गळून त्याचा कोबी होणार. हे नक्की. चुलतभावंडं सुट्टीत छळतील. उपाय दोन. एक, आईला लाडाचं वेगळं नाव तिचं तिला ठरवू दे. 'बिनू' म्हणू दे, 'आनू' म्हणू दे, मधला कुठलाही तुकडा तोडून घेऊ दे. जी बाई 'जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक' एका दमात म्हणते तिला चार अवयव अवघड नाहीत, तिला फक्त ते नाव आपलं वाटायला हवं. दुसरा उपाय पोराला मोठा झाल्यावर सांगायचा : जर्मन भाषेत 'कोल' म्हणजे कोबी, आणि कोल आडनावाचा माणूस त्या देशाचा 16 वर्षं चान्सलर होता. 1982 ते 1998. तेव्हा कोबीला हसणाऱ्याने जरा जपून.

आता कागदपत्रांचं, कारण तुझं 'माझं काहीच उरणार नाही' हे तिथेच सुटणार आहे. घरात एक नाव आणि कागदावर एक, ही आपली सवय तिथे चालवू नकोस. मराठी नाव नुसतं 'घरचं' ठेवलंस तर शाळेत गेल्यावर दोन वर्षांत ते पुसलं जाईल. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, दोन्ही नावं पहिल्या नावांत नोंदव : कोर्बिनिआन आणि पुढे मराठी, किंवा उलट. मधे जोडरेघ देऊ नका. जोडरेघ दिली की दोन्ही मिळून एकच नाव होतं आणि ते सगळीकडे तसंच लिहावं लागतं. सुटी ठेवलीत तर मुलगा मोठेपणी कुठल्याही नावाने हाक मारून घेऊ शकतो, आणि 1 नोव्हेंबर 2018 पासून जर्मनीत नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन नावांचा क्रमही बदलता येतो. फक्त उत्साहात पाच-सहा नावं घालू नका. 12 नावं मागणाऱ्या एका आईला तिथल्या कोर्टाने 5 वर थांबवलेलं आहे.

आणि आपल्या पद्धतीने मधे वडिलांचं नाव घालू नका. तिथे ते मुलाचंच दुसरं नाव समजलं जाईल. पुढे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) काढताना सगळं जर्मन पासपोर्टप्रमाणेच लागतं, तेव्हा पहिल्याच दिवशी स्पेलिंग नीट बघ.

नोंदणीवाले मराठी नावाला अडवतील ही भीती असेल तर किरणची गोष्ट सांगते. भारतीय वंशाच्या एका कुटुंबाने जर्मनीत मुलीचं नाव किरण ठेवलं. कार्यालय म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, दुसरं एक स्पष्ट नाव जोडा. आईवडील थेट कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. एका किरणमुळे सगळ्या जर्मनीचा नियम सैल झाला.

मराठी नाव निवडताना ते जर्मन वाचतील कसं, ते आधी बघ. त्यांचा 'जे' म्हणजे 'य' : अर्जुनचा आर्युन होईल, ओजसचा ओयास. शेवटी 'व्ही' आला की 'फ' : आरवचा आराफ. 'ड' आणि 'द' शेवटी आले की 'त' : निनादचा नीनात. अमोल, मिहिर, मल्हार, किरण ही मोडत नाहीत. कोर्बिनिआन अमोल म्हणून बघ, कोर्बिनिआन मिहिर म्हणून बघ. मला दुसरं जास्त आवडलं, पण मूल तुझं आहे.

बाप्तिस्म्याचं तू विचारलं नाहीस, पण संताचं नाव म्हणून जी धाकधूक आहे ती तीच. नाव घेतलं म्हणून बाप्तिस्मा करावाच लागत नाही. तो वाद आला तर वेगळ्या दिवशी वेगळा घाला, टोपीच्या लोकरीत गुंतवू नका. आणि आईने नक्षत्राच्या अक्षराचा मुद्दा काढला, तर आत्ताच हो-नाही करू नकोस. बाळ पुनर्वसूच्या दुसऱ्या चरणावर जन्मलं तर अक्षर 'को'च येतं, आणि 'को'वरून मुलाचं नाव शोधताना कोदंड आणि कोविद यापुढे आपलीही मजल जात नाही.

बारसं मात्र कर. जन्माची नोंद तिथे आठवड्यात द्यावी लागते, पण नाव कळवायला महिनाभर मिळतो, म्हणजे बारावा दिवस आरामात बसतो. पाळणा नसेल तर कपड्यांच्या मोठ्या टोपलीला ओढणी बांध. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तुझ्या जर्मन नणंदेचा. तिला आतापासून 'कुर्रर्र' शिकव. त्यांचा 'र' घशातून येतो, तो या कामाला आपल्यापेक्षा सरस आहे. आधी कोर्बिनिआन, मग दुसऱ्या कानात मराठी नाव. आणि नाव सांगून झाल्यावर बायका पाठीत धपाटे घालतात, हे तिला आधी सांगून ठेव. नाहीतर ती पोलिसांना बोलवायची.